उंट याऐवजी मुख्याध्यापक वाचावे

व्याख्याबाईंनी चोवीस वर्षांच्या नोकरीत एकदाही उसनं उदाहरण वापरलं नव्हतं. त्या शाळेत भाषा शिकवायच्या आणि 'व्याख्याबाई' हे नाव त्यांना मुलांनी दिलं होतं. वर्गात उशिरा आलेल्या मुलाला त्या आधी 'उशीर' या शब्दाची व्याख्या करायला लावत; व्याख्या बरोबर आली तर बाकावर जागा, चुकली तर दाराशी उभं. हे नाव आपल्या कानावर आलेलंच नाही असं त्या दाखवत. मनातून मात्र त्यांना ते पदवीसारखं वाटायचं.

त्यामुळे आसपासच्या आठ शाळांच्या समितीने विद्यार्थ्यांसाठी आणि शिक्षकांसाठी साहित्यातल्या मूलभूत संज्ञांची एक छोटी पुस्तिका काढायचं ठरवलं, तेव्हा ते काम दुसऱ्या कुणाकडे जाणं शक्यच नव्हतं. बाईंनी शिक्षकांच्या खोलीत तिथल्या तिथे जाहीर केलं की या पुस्तिकेत चंद्रासारखं मुख आणि कमळासारखे डोळे औषधालाही सापडणार नाहीत. उपमा असो, अतिशयोक्ती असो, सूचितार्थ असो, प्रत्येक उदाहरण रोजच्या जगण्यातून उचललेलं असेल. गणिताच्या सरांनी बऱ्याच वेळाने मान डोलावली. ते सगळंच बऱ्याच वेळाने करत.

रोजच्या जगण्यातून म्हणजे कुठून, हे बाईंनी सांगितलं नाही. त्यांच्या रोजच्या जगण्यात दोनच जागा होत्या, शाळा आणि घर. शाळेत मुख्याध्यापक आणि गणिताचे सर, घरी सासूबाई. एवढ्या तीन माणसांत सगळं साहित्यशास्त्र बसतं हे बघून बाई स्वतःच चकित झाल्या. उपमेखाली त्यांनी लिहिलं, 'मुख्याध्यापकांचे भाषण वाळवंटासारखे असते; कितीही लांब पाहिले तरी सावली दिसत नाही.' चेतनागुणोक्तीखाली लिहिलं, 'सर जिना चढू लागले की पायऱ्या एकमेकींना म्हणतात, झोपून घ्या, अजून वेळ आहे.' आणि विरोधाभासाखाली, 'सासूबाईंना काही ऐकू येत नाही आणि त्यांच्या कानांतून काही सुटत नाही.' एकेक ओळ लिहून झाली की त्या पेन खाली ठेवत, ओळ पुन्हा वाचत आणि आपल्याच प्रतिभेला मनोमन दाद देत.

ही नावं पुस्तिकेत तशीच ठेवायला बाई काही खुळ्या नव्हत्या. खरी माणसं डोळ्यांसमोर असली की वाक्य जिवंत उतरतं, म्हणून आधी खरं लिहायचं आणि शेवटी त्यांना जनावरांचे मुखवटे चढवायचे, असा त्यांचा बेत होता. मुख्याध्यापकांचा उंट, गणिताच्या सरांचं कासव, सासूबाईंची घारबाई. लोक म्हणतील, वा, काय गोड प्राणिकथा आहेत!

पुस्तिका टंकित करायचं काम बाईंच्या नवऱ्याकडे होतं. त्यांचं चष्म्यांचं दुकान होतं आणि दुकानात संगणक होता. गिऱ्हाईक डोळे तपासायच्या तक्त्यावरची अक्षरं वाचत असायचं तेव्हा हे बायकोची अक्षरं टंकत असायचे. पुस्तिका छापखान्यात जायच्या दिवशी दुपारी बाईंनी शाळेतून फोन करून त्यांना तिन्ही बदल सांगितले आणि एकही सुटता कामा नये अशी ताकीद दिली.

चष्मेवाल्यांना संगणकात 'सगळीकडे बदला' अशी एक सोय सापडली. मुख्याध्यापक काढून उंट घातला, तो चौतीस ठिकाणी बसला. सासूबाईही निमूट बदलल्या. 'गणिताचे सर' मात्र कुठे 'गणिताच्या सरांनी' होते, तर कुठे नुसतेच 'सर', त्यामुळे यंत्राच्या हाती लागेनात. मग चष्मेवाल्यांनी डोकं लढवलं. गणित वगळून नुसती 'सर' ही दोन अक्षरं दिली आणि त्या जागी 'कासव'. यंत्राने कळवलं, दोनशे सात ठिकाणी बदल झाला आहे.

दोनशे सात हा आकडा पाहून त्यांना क्षणभर वाईट वाटलं. एवढ्याशा पुस्तिकेत आपल्या बायकोने गणिताच्या सरांना दोनशे सात वेळा आठवावं आणि आपल्याला एकदाही नाही. पण ते मनाने मोठे होते. त्यांनी तसाच मजकूर छापखान्याला धाडला, आणि बाईंना संध्याकाळी सांगितलं की तुझं काम चोख झालंय. छापखानेवाल्याने तीनशे प्रती काढल्या. मजकूर वाचण्याची त्याची पद्धत नव्हती. आपण वाचायला लागलो तर छापणार कोण, असं तो म्हणे.

गठ्ठे थेट कार्यशाळेच्या सकाळी शाळेच्या सभागृहात येऊन पडले. आठ शाळांचे बेचाळीस शिक्षक आले होते. समितीच्या अध्यक्षबाई पहिल्या रांगेत होत्या. त्यांच्या शेजारी बाईंनी मुद्दाम सासूबाईंना बसवलं होतं, सुनेचा मान त्यांनी डोळ्यांनी बघावा म्हणून. एका बाजूला नववीचा वर्ग बसला होता, कारण बाई त्याच्यावर नमुना पाठ घेणार होत्या. मुख्याध्यापकांच्या खिशात अकरा पानांचं समारोपाचं भाषण होतं.

प्रती वाटल्या गेल्या. नवं पुस्तक हातात आलं की माणूस आधी आपलं नाव कुठे आहे ते बघतो. मुख्याध्यापकांनी पान तीन उघडलं. ते आभाराचं पान होतं. काम संपल्यावर माणूस आभार मानायला विसरतो, म्हणून बाईंनी ते सगळ्यांत आधी लिहून ठेवलं होतं आणि नंतर त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. मुख्याध्यापकांनी वाचलं:

'आमच्या शाळेचे उंट यांनी वेळोवेळी पाठीवर हात ठेवला नसता, तर हे काम उभे राहिले नसते. गणिताच्या कासवांनी आकृत्या तपासून दिल्या. घरी घारबाईंनी स्वयंपाकघराचा भार उचलला. या तिघांचे ऋण मी कधीही विकासवणार नाही.'

ते उठले, बाईंना खिडकीशी घेऊन गेले आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. बाईंनी ओळ वाचली. मुद्रणदोष, एवढंच त्या कसंबसं बोलल्या. मुख्याध्यापक सज्जन गृहस्थ होते. ते रागावले नाहीत. छापखान्यात काय वाटेल ते होतं, एकदा आपल्या निमंत्रणपत्रिकेवर 'स्नेहसंमेलना'ऐवजी 'स्नेहसंमोहन' छापलं होतं, असं त्यांनी सांगितलं, आणि दोष मोकळेपणाने कबूल करण्यात कमीपणा नाही असंही. बाईंनी माईकवर जाऊन दुरुस्ती सांगून टाकावी म्हणजे झालं.

बाईंना ते झालं असं वाटेना. पान तीनवर उंट कोण हे एकदा सांगितलं की पान नऊवरचा उंट कोण हे सांगायला कुणी लागणार नव्हतं. पान नऊवर अतिशयोक्ती होती. आणि एका जागेवर थांबेल असा काही तो उंट नव्हता, चौतीस ठिकाणी उभा होता.

माईकसमोर उभं राहून बाईंनी घसा साफ केला आणि अत्यंत जपून सांगितलं, की पान तीनवर, फक्त पान तीनवर, उंट याऐवजी मुख्याध्यापक, कासव याऐवजी सर आणि घारबाई याऐवजी सासूबाई असं वाचावं. बाकी पुस्तिका निर्दोष आहे. एवढं बोलून त्या झटकन वळल्या.

तेवढ्यात तिसऱ्या रांगेतले एक शिक्षक उभे राहिले. त्यांना पान सातवरचं 'दुकासवे उदाहरण' कळलं नव्हतं. दुकासवे हा वृत्ताचा प्रकार आहे का, असं त्यांनी विचारलं. त्यांच्या मागच्या शिक्षिकेला 'शाळेचा परिकासव' म्हणजे कोण ते हवं होतं. आणखी एकजण पान नऊ उघडून उभे होते. पहिल्या रांगेतल्या मुलाला 'मिकासवूड' नव्हतं असं तिथे म्हटलंय, तर मिकासवूड हे परदेशी लाकूड आहे का, अशी त्यांची शंका होती.

बाई घाईघाईने पान सात शोधू लागल्या. मुख्याध्यापक मात्र पुढे झाले. आपल्या शाळेच्या शिक्षिकेची चारचौघांत अशी तारांबळ उडावी हे त्यांना सहन होईना. त्यांनी माईक हातात घेतला आणि भरदार आवाजात सांगितलं, "दोष एका पानापुरता नाही, हे आता उघड झालं आहे. तेव्हा सर्वांनी पेन्सिली काढाव्यात. संपूर्ण पुस्तिकेत जिथे जिथे उंट असेल तिथे तिथे मुख्याध्यापक वाचावे. जिथे कासव तिथे सर. जिथे घारबाई तिथे बाईंच्या सासूबाई. एकही जागा सोडू नये."

बेचाळीस शिक्षक आणि नववीतल्या अडतीस मुलांनी पेन्सिली काढल्या.

पुढची पाच मिनिटं सभागृहात फक्त कागदावर पेन्सिली घासल्याचा आवाज येत होता. बाई खुर्चीत बसून तो आवाज ऐकत होत्या. मग मागच्या बाकांवर कुणालातरी खोकला आला. तो खोकला पुढे सरकत आला, आणि तिसऱ्या रांगेपर्यंत येता येता त्याचं चक्क हसू झालं. लोक एकमेकांना कोपर मारून पानं दाखवू लागले. चष्मेवाले दाराशी उभे होते. त्यांनी परिस्थिती पाहिली आणि दुकानात गिऱ्हाईक खोळंबलं असेल असं पुटपुटत ते निघून गेले.

अध्यक्षबाई वयाने मोठ्या आणि करड्या होत्या. त्यांनी हात वर करताच सगळे गप्प झाले. नमुना पाठ आपणच सुरू करू, असं म्हणून त्यांनी नववीतल्या एका मुलीला उभं केलं आणि पान नऊवरचं अतिशयोक्तीचं उदाहरण दुरुस्तीसह वाचायला सांगितलं. मुलीने बाईंकडे पाहिलं. बाईंनी डोळे मिटून घेतले. मुलीने खणखणीत वाचलं:

"मुख्याध्यापक बोलायला उभे राहिले तेव्हा पहिल्या रांगेतल्या मुलाला मिसरूड नव्हते, ते खाली बसले तेव्हा त्याची दाढी करून झाली होती."

या वेळी कुणीच हसलं नाही. सगळे मुख्याध्यापकांकडे बघत होते, आणि मुख्याध्यापक पुस्तिकेकडे. त्यांचा चेहरा आधी पडला, मग लाल झाला. बाईंना वाटलं, चोवीस वर्षांची नोकरी आता मिसरुडाइतकी बारीक झाली.

अध्यक्षबाईंनी मुलीला विचारलं, की हे वाक्य तुमच्याच मुख्याध्यापकांबद्दल आहे हे कशावरून ठरवायचं? जगात मुख्याध्यापक पुष्कळ असतात.

"पान तीनवर 'आमच्या शाळेचे' असं म्हटलंय," मुलगी म्हणाली. "शाळेत मुख्याध्यापक एकच असतात. पण एका पुराव्यावर अनुमान करू नये असं बाईंनी शिकवलंय. म्हणून मी दुसरा शोधला. पान बारावर त्यांच्या खिशात अकरा पानांचं भाषण असतं असं लिहिलंय." तिने पहिल्या रांगेकडे पाहिलं. "ते आत्ताही दिसतंय."

सगळ्या सभागृहाने मुख्याध्यापकांच्या खिशाकडे पाहिलं. मुख्याध्यापकांनी खिशावर हात ठेवला.

बाईंनी डोळे उघडले होते. आपली नोकरी चालली आहे, इभ्रत गेलेलीच आहे, आणि तरी त्यांच्या छातीत काहीतरी फुगून वर येत होतं. दोन पुरावे! स्वतः शोधलेले! चोवीस वर्षं त्या घसा कोरडा करून सांगत होत्या, की वाचायचं म्हणजे ओळीमागचं वाचायचं, आधार दाखवून वाचायचं. आणि नववीच्या वर्गातली ही शेलाटी पोरगी आठ शाळांसमोर ते करून दाखवत होती. मुख्याध्यापक समोर नसते तर त्यांनी टाळीच वाजवली असती.

मुख्याध्यापकांनी मुलीला हळू आवाजात विचारलं, "अतिशयोक्ती म्हणजे खोटंच ना?"

"नाही सर," मुलगी म्हणाली. "खरं वाढवून सांगितलं तर ती अतिशयोक्ती. खोटं वाढवून सांगितलं तर ती थाप."

ही व्याख्या पुस्तिकेत नव्हती. बाईंनी वर्गातही कधी सांगितली नव्हती. ती त्या पोरीची स्वतःची होती, आणि बाईंच्या व्याख्येपेक्षा चांगली होती. बाईंना ते लागलं नाही, उलट त्यांचे डोळे भरून आले.

पाठ पुढे चालला. व्याजस्तुतीचं उदाहरण वाचलं गेलं: 'सासूबाई म्हणाल्या, सूनबाई, चहा इतका छान झालाय की पाण्याची चव जराही बिघडलेली नाही.' सासूबाई पहिल्या रांगेत ताठ बसल्या होत्या. गणिताचे सर अजून पान चारवर होते. पायऱ्यांच्या वाक्यापाशी ते पोचले तेव्हा सगळे हसून शांत झाले होते, समारोपाची तयारी चालली होती, आणि त्या शांततेत ते एकटेच मनापासून, पोट धरून हसले. पायऱ्यांनी असं बोलावं हे त्यांना फारच आवडलं. तिथे सर म्हणजे आपण, हे त्यांच्या लक्षात चार दिवसांनी आलं.

मग मुख्याध्यापक समारोपाला उठले. त्यांनी खिशातून कागद काढले, उलगडले, नववीच्या पहिल्या रांगेतल्या मुलाकडे एकदा नीट पाहिलं आणि कागद पुन्हा घडी घालून ठेवले. "कार्यशाळा चांगली झाली," ते म्हणाले. "चहा तयार आहे."

आणि ते बसले. त्या सभागृहात इतक्या टाळ्या पूर्वी कधी वाजल्या नव्हत्या. मुख्याध्यापक आधी गोंधळले, मग किंचित झुकले, मग पुन्हा उभं राहून त्यांनी नमस्कार केला.

चहाच्या वेळी बाई माफीचं वाक्य जुळवत त्यांच्यासमोर गेल्या. मुख्याध्यापकांनी ते पुरं होऊ दिलं नाही. वाळवंटाची उपमा आपल्याला पटली नाही, एवढंच ते म्हणाले. वाळवंटात कुठे ना कुठे एखादं हिरवं ठिकाण असतंच. पुढच्या आवृत्तीत तेवढं घालता आलं तर बघावं. बाईंनी शब्द दिला.

खरी भीती सासूबाईंची होती. त्या कोपऱ्यात कपबशी घेऊन बसल्या होत्या. बाई त्यांच्यासमोर जाऊन मान खाली घालून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आई, चुकलं माझं."

"चुकलंच," सासूबाई म्हणाल्या. "मी असं म्हटलंच नव्हतं. पाण्याची चव बिघडली नाही, हे काय बोलणं झालं? मी म्हटलं होतं, पाण्याला चहाचा नुसता निरोप पोचलाय. माझं वाक्य घ्यायचं तर धड घ्यावं. आठ शाळांपुढे मला अळणी करून ठेवलंस."

अध्यक्षबाई शेजारीच उभ्या होत्या. त्यांच्या हातातला कप हिंदकळला. निरोप पोचलाय, निरोप पोचलाय, असं दोनदा म्हणत त्या खुर्ची ओढून सासूबाईंच्या शेजारी बसल्या, आणि बाई चहाचं तबक घेऊन उभ्याच राहिल्या.

पंधरा दिवसांनी समितीचं पत्र घरी आलं. पुस्तिकेच्या आणखी हजार प्रती काढायच्या असल्याचं बाईंना शाळेत आधीच कळलं होतं, तेव्हा हे सत्काराचं पत्र असणार याबद्दल त्यांना शंका नव्हती. त्यांनी चष्मेवाल्यांना दुकानातून बोलावून घेतलं, सासूबाईंना समोर बसवलं आणि उभं राहून, योग्य ते चढउतार घेत पत्र वाचायला सुरुवात केली. 'आपला भाषेचा कान, आपली तीक्ष्ण नजर आणि आपल्या उदाहरणांचा ताजेपणा पाहून समिती भारावून गेली आहे.' इथे बाई क्षणभर थांबल्या आणि त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. 'पुढील कार्यशाळेत आपण प्रमुख मार्गदर्शक म्हणून यावे, ही विनंती. आपले वय लक्षात घेता...'

वयाशी बाईंचा आवाज अडखळला. त्यांनी पाकीट उलटून पाहिलं. पत्र सासूबाईंच्या नावाने होतं. सोबत मदतीला सूनबाईंना आणलंत तरी समितीची हरकत नाही, असं शेवटी लिहिलं होतं.

सासूबाईंनी येत असल्याचं लगेच कळवायला सांगितलं. कळवलं बाईंनीच, आणि तेही सुवाच्य अक्षरात.

कार्यशाळेच्या दिवशी सासूबाई व्यासपीठावर होत्या आणि बाई दुसऱ्या रांगेत, त्यांची पिशवी मांडीवर घेऊन. सासूबाई बोलत होत्या आणि शिक्षक भराभर लिहून घेत होते. मध्येच कुणीतरी व्याजस्तुतीची व्याख्या विचारली. सासूबाई म्हणाल्या की मला नुसतं बोलता येतं, व्याख्या माझ्या सुनेला विचारा, शाळेत तिला त्याच नावाने ओळखतात.

सगळ्या माना वळल्या. बाई उठल्या. चोवीस वर्षांची विद्या एका जागी गोळा करून त्यांनी व्याख्या सांगितली: वरवर स्तुती आणि आतून निंदा, किंवा वरवर निंदा आणि आतून स्तुती; तिचे दोन प्रकार, प्रत्येकाचं लक्षण, उपरोधाशी तिचं असलेलं नातं आणि नसलेलं नातं. एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही. आपण कोण आहोत हे आता लोकांना कळलं असेल, असं वाटून त्यांनी व्यासपीठाकडे पाहिलं.

सासूबाई कौतुकाने त्यांच्याचकडे बघत होत्या.

"बघा, किती छान सांगते माझी सून," त्या माईकमध्ये म्हणाल्या. "मागच्या रांगेतल्या त्या दोघांना केवढी गाढ झोप लागलीय."

सभागृह खळखळून हसलं. मागच्या रांगेतले दोघे दचकून जागे झाले आणि काय झालं ते न कळताच हसू लागले. त्या दिवसानंतर तिथल्या एकाही शिक्षकाला व्याजस्तुतीची व्याख्या पुन्हा विचारावी लागणार नव्हती. बाई खाली बसल्या, वही उघडली आणि शेजारणीकडे पेन मागितलं.